एकेचाळिसावी किंकाळी

११ मार्च

परवा सकाळी मी एका बंद खोलीत उभा राहून एकेचाळीस वेळा मेलो.

वाचणाऱ्याला हसू येईल, पण ही वही वाचणारं कुणी नाही. गावच्या शाळेतले मास्तर सांगायचे, दिवसाकाठी एक पान लिहावं, शाईने लिहावं आणि त्यात खोटं लिहू नये, कारण तिथे फसवायला आपल्याशिवाय दुसरं कुणी नसतं. अधूनमधून का होईना, बत्तीस वर्षं लिहीत आलो.

मी ज्या इमारतीचा वॉचमन आहे तिच्या तिसऱ्या मजल्यावर व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी आहे. फ्यूज उडाला, नळ गळला, दार अडकलं की मिस्त्रीही मीच. तिथे आवाजाचं काम करणारा एक तरुण आहे. गळ्यात सदा हेडफोन, म्हणून मी त्याला हेडफोनवाला म्हणतो. गेल्या आठवड्यात फाटकाशी एक ट्रक मागे येता येता भिंतीवर आदळणार होता, मी "थांब" म्हणून ओरडलो. हेडफोनवाला चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, काका, हा आवाज मला द्या.

गेमची गोष्ट त्याने समजावून सांगितली. जमिनीत एक खोल भोक आहे. खेळणारा दोराने खाली उतरतो, बरोबर एक सोबती असतो. तळाशी काहीतरी राहतं. ते वर चढू लागलं की खेळणाऱ्याने ठरवायचं, सोबत्याचा दोर धरून ठेवायचा की सोडायचा. सोडला तर आपण वाचतो, सोबती ओरडत खाली जातो. ती ओरड त्याला हवी होती. एक नट बोलावला होता, पण तो नाटकात मरतात तसा मरत होता म्हणे.

खोलीच्या भिंतींना काळा फोम, समोर माइक. पोटात सुळा घुसला, मान पिरगळली, पाय खुब्यातून उपटला, जिवंत जळालो. तो सांगे तसा मी मरे. चाळीस झाल्यावर म्हणाला, आता शेवटचं. दोर सुटला असं समजा, आणि ज्याच्या हातात तो होता तो वरून तुमच्याकडे बघतोय. मग त्याने दिवा मालवला.

पुढचं नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. घसा सोलवटला होता, उजवं मनगट ठणकत होतं. ते जुनंच दुखणं. हेडफोनवाल्याने स्वतः पाणी आणून दिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. जरा वेळाने त्याने विचारलं, "काका, तुमचे दादा कुठे असतात?"

मला दादा नाही, म्हटलं. घरात थोरला मीच.

तो माझ्याकडे बघतच राहिला. दिवसभर कानात आवाज घेऊन बसतात ही पोरं, डोकं शिणतं.

१५ मार्च, रविवार

घरात आम्ही तिघं. मी, माझी भावजय आणि पुतणी. मी लग्न केलं नाही. भावजय शाळेचे गणवेश शिवते. खिडकीखाली तिचं मशीन, त्याच्या शेजारी पुतणीचा कॉम्प्युटर. एकीची टकटक आणि दुसरीची खटखट, मध्ये मी पेपर घेऊन. पुतणी सतरा वर्षांची आहे. मला मोठेबाबा म्हणते. तीन वर्षांची असताना बाप गेला, तेव्हापासून म्हणते.

आज जेवताना ती म्हणाली, विहिरीतली गोष्ट सांगा ना. लहानपणीही हेच मागायची. मी आणि माझा धाकटा भाऊ विहिरी खोदायचो. काठावर दांड्याने फिरवायचं लोखंडी चाक असतं, त्याला आम्ही यारी म्हणायचो. चाक उलटं फिरून दोर सुटू नये म्हणून त्याला खटका असतो. एक जण वर यारीवर, एक खाली दोराला. कातळ लागला की खालच्याने भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि हाक द्यायची. वरच्याने त्याला ओढून घ्यायचं. वातीला दोन मिनिटं लागतात.

या धंद्यातला पहिला नियम म्हणजे विहिरीत "सोडू नको" म्हणायचं नाही. खालून ओरडलेल्या बोलण्याची शेपूट वर पोचत नाही. "सोडू नको" म्हटलं तर "नको" खालीच राहतो आणि वर येतं ते नुसतं "सोड". म्हणून "धर" म्हणायचं. "धर"ला शेपूट नाही.

पुतणीने विचारलं, आणि बाबांच्या वेळी? तिला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐकायचं असतं. त्या दिवशी खालून "सोड" ऐकू आलं. काही विसरला असेल, परत उतरायचं असेल, असं समजून मी खटका काढला. वाती पेटल्यात हे मला माहीत नव्हतं. सुटलेला दांडा फिरून माझ्या मनगटावर बसला आणि हाड मोडलं. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं.

भावजय मशीनवरून उठली आणि ताटं उचलू लागली. ही गोष्ट निघाली की ती नेहमी ताटं उचलते, जेवण व्हायचं असलं तरी.

२२ मार्च, रविवार

कंपनीने गेम बाजारात जायच्या आधी आमच्यासारख्यांच्या घरच्या मुलांना तपासायला दिला. पुतणीला भलतं काम मिळालं. खेळायचं आणि चुका वहीत टिपायच्या. मी तिला म्हटलं, आमच्या वेळी चुका मास्तर काढायचे आणि मार आम्ही खायचो. ती म्हणाली, इथे मार गेम खातो.

तिच्या खुर्चीमागे उभा राहून पाहिलं. न पाहतो तर बरं झालं असतं. भोकाच्या भिंती ओल्या, खरोखरीच्या कातळासारख्या. दोरावर लटकलेल्या सोबत्याला खालून एक हात येऊन धरतो. त्या हाताला कोपर दोन. तो सोबत्याच्या बरगड्या एकेक करून बाहेर वाकवतो, पेटीचं झाकण उचकटावं तसं. आतलं सगळं दिसतं, हलताना दिसतं. आणि ओरडतो तो मी.

पुढे आणखी वाईट आहे. ज्यांना सोडलं ते मरून संपत नाहीत. पुढच्या फेरीला तेच खालून चढत येतात. हात उरलेले नसतात, म्हणून दोर दातांनी धरून. जितक्यांना सोडाल तितके दात तुमच्या दोराला.

पुतणी शांतपणे खेळत होती. मी देवाचं नाव घेत स्वयंपाकघरात गेलो.

२४ मार्च

तिची चुकांची वही उघडी पडली होती. वाचू नये, पण वाचली.

"चौथी पातळी. दोर सोडल्यावर सोबती खेळणाऱ्याला 'दादा' म्हणतो. पण माझं पात्र मुलगी आहे. चूक?"

हेडफोनवाल्याला विचारायला हवं. मी तर नुसता ओरडलो होतो.

२८ मार्च

आज दुपारी ड्यूटी बदलून लवकर घरी आलो. भावजय कापड आणायला गेली होती. पुतणीने आवाज मोठा ठेवला होता, जिन्यातच ऐकू आला.

"दादा, सोडू नको. पेटलंय."

मी कठड्याला धरून खाली बसलो. तो माझ्या भावाचा आवाज होता. आमचे आवाज सारखेच होते, आई सुद्धा दाराआडून फसायची. पण मला "दादा" म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

पुन्हा आला. "दादा, सोडू नको. पेटलंय." पुन्हा. ती त्याला सोडत होती, गेम परत मागे नेत होती आणि पुन्हा सोडत होती. प्रत्येक वेळी आधी हाडं मोडल्याचा आवाज, मग हे, आणि शेवटी यारीचा खटका निसटल्यासारखं खट्ट.

देवा, हा काय प्रकार आहे? चौदा वर्षांनी तो या यंत्रात कुठून शिरला? हे शब्द मी जगात कुणालाच सांगितलेले नाहीत.

वरचं वाक्य खोडणार होतो. पण मास्तरांनी शाईने लिहायला शिकवलं.

२९ मार्च, रविवार

आज माझ्या हातून जे झालं ते लिहितो.

सकाळी उठलो तर ती खेळत होती. तोंड धुऊन आलो, खेळत होती. प्रार्थनेला बसलो तर भिंतीपलीकडून तो ओरडत होता. मी जाऊन म्हटलं, बंद कर. ती म्हणाली, थोडं राहिलंय. मी विचारलं, कितीदा मारशील त्या माणसाला?

"साठ वेळा धरूनही पाहिलं, मोठेबाबा. धरलं की तो गप्प असतो. सोडल्यावरच बोलतो."

किती थंडपणे म्हणाली. माझ्याच घरात, माझ्या हातचं खाऊन वाढलेली पोर, आणि सोडण्यात तिला रस. मी वायर उपटली. ती माझ्या हाताला लटकली. "एकच विचारायचंय," म्हणत होती, "एकच विचारायचंय." स्क्रीन खाली पडून फुटली. मी हात झटकला आणि तोच हात परत येऊन तिच्या तोंडावर बसला. ती मशीनच्या लोखंडी कडेवर आदळली. ओठ दातापर्यंत फाटला. पांढऱ्या गणवेशांच्या गठ्ठ्यावर रक्ताच्या धारा.

झटकला असं लिहिलंय. मारला.

भावजय धावत आली. तिने आधी पोरीच्या तोंडात बोट घालून दात मोजले. हलतोय का एखादा ते पाहिलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या पुढच्या दोन दातांची जागा रिकामी आहे, चौदा वर्षं तशीच ठेवलीय तिने. म्हणाली, "भावजी, मारायला तुम्ही पण उजवाच हात वापरता."

पाच टाके पडले.

३१ मार्च

खरं लिहितो. निदान इथे.

मला "सोड" ऐकू आलं नव्हतं. सगळं वाक्य ऐकू आलं होतं, शेपटीसकट. त्या दिवशी वारा पडलेला होता आणि विहीर अजून उथळ होती.

सकाळी भावाने भावजयीचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. एकदा नाही. केस मुठीत धरून, खिळा ठोकावा तसं, चार वेळा. लेक उंबरठ्यावर बसून बघत होती. कारण विचारावं तर आमटीत मीठ कमी. मी दोन दात जमिनीवरून उचलले, धुतले आणि खिशात ठेवले. का ते देव जाणे. मग आम्ही दोघं कामावर गेलो, रोजच्यासारखे. 

त्याने वाती पेटवल्या, हाक दिली. मी ओढू लागलो. यारीचे आठ फेरे झाले. तो खालून हसत होता. सकाळचं आठवून हसत होता, तिची नक्कल करत होता. माझ्या मांडीला ते दोन दात टोचत होते. मी दांडा धरून थांबलो. तेव्हा तो ओरडला, दादा, सोडू नको, पेटलंय.

मी खटका काढला.

मग स्फोट. धूर बसल्यावर मी मोडक्या हाताने टोपली घेऊन उतरलो. सगळा भाऊ एका टोपलीत मावला नाही. जबडा कातळात रुतून बसला होता, तो पहारीने काढावा लागला.

हे खरं आहे. देवाने न्याय केला, माझा हात नुसता निमित्त झाला, असं मी चौदा वर्षं समजत आलो. आता तो भाऊ गेममध्ये शिरून माझी पुतणी माझ्यापासून ओढून नेतोय. तेव्हा जे केलं ते एकदा करून भागलेलं दिसत नाही.

२ एप्रिल

सकाळी सात वाजता, कुणी यायच्या आत, हातोडा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. किल्ल्या माझ्याकडेच असतात. आवाजाच्या खोलीत शिरलो आणि आधी माइक फोडला. मग काचेची खिडकी, मग दोन्ही स्पीकर. स्पीकरच्या पडद्यात हातोडा रुतला की पोट फाटल्यासारखा आवाज यायचा, आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायलाच हवं. बरं वाटत होतं. मी ओरडत होतो, निघ बाहेर, निघ.

हेडफोनवाला दारात उभा होता. कधी आला कळलं नाही. मी हातोडा त्याच्यावर उगारला. तो पळाला नाही. "काका, कोणाला मारताय?" एवढंच म्हणाला.

मी सांगितलं. माझा मेलेला भाऊ तुझ्या यंत्रात आहे, त्याला काढ.

त्याने मला काचा नसलेल्या जागी बसवलं. स्वतःचा लॅपटॉप उघडला, गळ्यातले हेडफोन माझ्या कानांवर घातले. पडद्यावर आकडा होता, एकेचाळीस. तारीख नऊ मार्च. म्हणाला, "हा तुमचाच आवाज आहे, काका. मी तेव्हाच विचारलं होतं ना, दादा कुठे असतात म्हणून? गेममध्ये पहिला तुकडा तेवढा घेतला. पुढचं मला वापरवेना. पण पुसवेना पण."

मग त्याने पुढचंही लावलं.

"दादा, सोडू नको. पेटलंय. दादा, मी चुकलो. मी नाही मारणार तिला आता. आज तिला दवाखान्यात नेतो, दादा, मला वर घे. दादा."

माझ्या तोंडून. माझ्याच घशातून, दिवा मालवलेल्या खोलीत.

भूत असतं तर बरं झालं असतं.

मी हेडफोन काढून विचारलं, आणि शेवटी तो खटक्याचा आवाज? तो कुठला घातलास? तो म्हणाला, कसला खटका? असं काही नाहीच यात. त्याने तीनदा ऐकलं. मला तिन्ही वेळा ऐकू आला.

फोडलेल्या सामानाचं तो म्हणाला, मी बघतो, तुम्ही घरी जा. मी म्हटलं, बघू नकोस. वॉचमनने फोडलं असं सांग. त्याने मान हलवली, पण कशाला हलवली कळलं नाही.

३ एप्रिल

तो हसत नव्हता. एकतीस तारखेला लिहिलं ते खोटं आहे. इतकी वर्षं मी त्याला हसवत ठेवलं, म्हणजे सोडणं सोपं जावं. तो रडत होता. लहानपणी झाडावर चढून बसला आणि उतरता येईना, तेव्हा रडला होता तसा.

तरी मी खटका काढला.

४ एप्रिल

दिवसभर फाटकावर बसून होतो. काढलं नाही अजून कामावरून. गाड्या आल्या गेल्या, नमस्कार केले. एका मुलीने पत्ता विचारला, मी उलटा सांगितला, तिला हाक मारून पुन्हा नीट सांगितला.

देवाला विचारून पाहिलं, काय करू. उत्तर आलं नाही. मला वाटतं मी त्याला विचारतच नव्हतो. सांगत होतो, असं असं कर म्हणून. न्याय केलास, आता पांघरूण घाल. चौदा वर्षं माझी प्रार्थना एवढीच होती.

पुतणी टाके पडलेल्या ओठांनी नळीने दूध पिते. माझ्याशी बोलणं सोडलं नाही तिने, हेच सहन होत नाही. "मोठेबाबा, दार ओढून घ्या" म्हणाली आज. नेहमीसारखं.

५ एप्रिल, रविवार

आज दोघींना समोर बसवून सांगितलं. भावजयीला म्हटलं, मशीन थांबव. तिने थांबवलं, पण पाय पट्टीवरून काढला नाही.

सगळं सांगितलं. चौकट, दात, वाती, आठ फेरे. "सोड" नव्हतं, "सोडू नको" होतं. तो रडत होता तेही सांगितलं. काय काय कबूल करत होता तेही.

पुतणी म्हणाली, मला कळलं होतं. तुम्हाला नुसतं "सोड" ऐकू आलं होतं तर "पेटलंय" कुठून आलं तुमच्या तोंडात? आवाज तुमचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तुम्हीच तर सांगितलं होतंत, एकेचाळीसदा मेलो म्हणून. मी तेच विचारणार होते त्या रविवारी. तेवढ्यात तुम्ही वायर ओढली.

मग ती रडली. टाके ताणले जाऊ नयेत म्हणून तोंड न हलवता. तसं रडणं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी भावजयीकडे वळलो. मी बोलायला नको होतं ते बोललो. म्हटलं, तुझे दात माझ्या खिशात होते. तुझ्यासाठीच झालं माझ्या हातून.

ती उठली. मशीनवरची कात्री तिच्या हातात होती. तिने माझं मोडकं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि कात्रीचं टोक वाकड्या हाडावर टेकवलं. मी हात काढून घेतला नाही. कातडीत गेलं, रक्त आलं. आणखी दाबलं तरी मी काढून घेणार नव्हतो. तिला ते दिसलं असावं.

"माझ्या नावावर टाकू नका, भावजी," ती म्हणाली. "त्याने मला मारलं ते मला विचारून नाही. तुम्ही त्याला मारलंत ते पण मला विचारून नाही. दात उचला म्हणून मी सांगितलं होतं तुम्हाला?"

कात्री ठेवून तिने चिंधीने माझं मनगट बांधलं. गाठ इतकी घट्ट मारली की बोटं काळी पडली.

पुतणीने विचारलं, आता? मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, मी काय सांगू? इतकी वर्षं तुम्ही अर्धं वाक्य सांगत आलात. ज्यांना ज्यांना अर्धं सांगितलंत त्यांना पूर्ण सांगा.

मला आठवलं, असे दोघंच. एक ही पोर. दुसरे पोलीस.

७ एप्रिल

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितोय. साहेबांना बोलावलंय, ते येईपर्यंत वही हातात ठेवू दिली.

काल जायचं होतं. काल फाटकापर्यंत जाऊन परत आलो. नळाचं वॉशर बदललं, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, भावजयीच्या मशीनचा पट्टा घट्ट केला. भित्र्या माणसाला कामं किती सुचतात. आज सकाळी पुतणी चपला घालून दारात उभी राहिली. मी येते, म्हणाली. भावजय आली नाही. ती शिवत होती. आम्ही जिना उतरेपर्यंत मशीन चालू होतं, मग थांबलं.

लिहून घेणारा हवालदार माझ्याच वयाचा. चौदा वर्षांपूर्वीचं म्हटल्यावर त्याने चष्मा कपाळावर चढवला. कागद शोधायला वेळ लागेल, म्हणाला. मयत कोण, भाऊ. तक्रार कोणाविरुद्ध, माझ्या. तक्रारदार कोण, मीच. तो म्हणाला, बाबा, एका खुर्चीवर किती जण बसणार? पुतणीला हसू आलं आणि ओठ दुखला.

मग मी सांगू लागलो, तो दोन बोटांनी टाइप करू लागला. आठव्या फेऱ्यापर्यंत आलो. त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं, "तेव्हा मयत खालून मोठ्याने 'सोड' असे म्हणाला."

बोटाने थांबवलं त्याला. पुढचं राहिलं, म्हटलं. नको.

"नको? मग खोडू हे?"

"खोडू नका. 'नको' लिहा."

तो वैतागला. काय ते एकदा ठरवा, लिहू की नको? माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. तेवढ्या एका शब्दासाठी मी इतका चालत आलो होतो. पुतणी टेबलावर वाकली. फाटक्या ओठाने, एकेक अक्षर सुटं करून तिने सांगितलं, "सो-डू-न-को. 'दादा, सोडू नको. पेटलंय.' असं म्हणाले माझे बाबा. आणि यांना ते ऐकू आलं."

हवालदाराचे हात थांबले. त्याने आमच्या दोघांकडे पाहिलं, तिच्या टाक्यांकडे, माझ्या मनगटावरच्या चिंधीकडे. चष्मा खाली घेतला. मग हळूहळू टाइप केलं. उरलेलं मी सांगितलं, तो रडत होता इथपासून खटक्यापर्यंत. तो टाइप करत गेला.

कागद निघाला. त्याने ते वाक्य वाचून दाखवलं, शेपटीसकट, आणि विचारलं, बरोबर?

मी म्हटलं, बरोबर.

उजव्या हाताने सही केली. आत साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पान संपत आलंय. ही वही पुतणीकडे देतो आहे. तिने हात पुढे केलाय.